टाकीतली मारामारी: आधी स्टूल, मग जाळी

मुलगा नोकरीला बंगळूरला गेला आणि जाताना माशांची तीन फुटी टाकी माझ्या गळ्यात मारून गेला. "आई, फक्त खायला घालायचं." कर्वेनगरात माझं पोळीभाजीचं काम आहे. पहाटे पाचला कणीक मळायला बसते ती या टाकीसमोरच, त्यामुळे आत कोण कोणाच्या मागे लागलंय हे आता मला न बघताही कळतं. सुरुवातीला मात्र मी भलत्यालाच शिक्षा केली होती.

झालं असं, की नारिंगी गप्पीची शेपटी एके दिवशी दात पडलेल्या फणीसारखी दिसली. संशय सरळ टाकीतल्या रेड टेल शार्क माशावर. काळा कुळकुळीत, लाल शेपटी, चेहरा वसुलीला आलेल्या माणसासारखा. (नावालाच शार्क. आहे तो रोहू-कटल्याच्या कुळातला.) त्याला उचलून झाकणाच्या बादलीत टाकला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गप्पीची शेपटी गेली, आणि शार्क बादलीतच!

म्हणून पहिलं काम: स्टूल घेऊन बसा. पण बसल्या बसल्या काही दिसणार नाही. तुम्ही जवळ गेलात की सगळे काचेशी गोळा होतात, त्यांना वाटतं खाणं आलं. पाच-दहा मिनिटं हलू नका, मग ते तुम्हाला विसरतात. मला दिसलं ते असं: एक टायगर बार्ब (काळ्या पट्ट्यांचा छोटा मासा) गप्पीच्या मागून, थोडा खालून आला, शेपटीच्या टोकाचा एक लचका तोडला आणि आपण त्या गावचेच नाही अशा थाटात फिल्टरकडे निघून गेला. तीनच बार्ब होते. दुकानातला मुलगा म्हणाला होता, "काकू, तीन घ्या, छान दिसतात."

जखम कुठे आहे ते बघा. पराच्या, शेपटीच्या कडा कुरतडलेल्या असतील तर बार्बसारखा चावरा शोधा. अंगावरचे खवले निघालेत, मासा फिल्टरमागे किंवा वरच्या कोपऱ्यात दबून बसलाय, खायलाही येत नाही, तर कोणीतरी जागेवरून त्याला हाकलतोय. दोन्हींचे उपाय वेगळे.

चावऱ्यांचा उपाय ऐकून मलाच हसू आलं होतं: अजून बार्ब आणा. हा थव्यात राहणारा मासा. आपसांत पाठलाग करून वरचा-खालचा ठरवतात. तिघंच असले की ही खुमखुमी दुसऱ्यांवर निघते. निदान आठ तरी हवेत. माझी टाकी तीन फूट बाय सव्वा फूट बाय सव्वा फूट, म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण 130 लिटर, त्यात पाच वाढले तरी चाललं. दोन फुटीत हा प्रयोग करू नका. आता ते दिवसभर एकमेकांतच शिवाशिवी खेळतात. तरीही गप्पी मी वेगळ्या टबात हलवले. एवढी लांब झुळझुळीत शेपटी बार्बपुढे नाचवायची म्हणजे मांजरापुढे लोकरीचा गुंडा. लांब परांच्या फायटर माशाचंही तेच.

शार्कचं भांडण जागेचं. तो टाकीत एकटाच ठेवायचा, दुसरा शार्क आणायचाच नाही. हे ठरलेलं असूनही तो तळाशी फिरणाऱ्या छोट्या कोरी माशांना पिटाळायचा, कारण माझी टाकी म्हणजे मोकळं मैदान, या टोकाचं त्या टोकाला दिसणार. समोर दिसला की मारायचा. मग कुंभारवाड्यातून दोन मातीच्या कुंड्या आणल्या, एक फुटकी घरात होतीच. धारदार कडा घासल्या आणि त्या आडव्या पुरल्या. नारळाची करवंटी शेंड्या काढून उकळून टाकली. मध्ये ड्रिफ्टवूड, म्हणजे टाकीत ठेवायचं वाळकं लाकूड, उभं केलं. लपायच्या जागा भांडणाऱ्यांपेक्षा एकदोन जास्तच ठेवा आणि शक्यतो दोन्हीकडून उघड्या, नाहीतर पळणारा आत कोंडून मार खातो. खाणंही एकाच कोपऱ्यात टाकू नका, दोन टोकांना एकदम टाका.

नवा मासा सोडायच्या दिवशी सगळं सामान हलवा. थोडं पाणी काढायचं, कुंड्या, दगड, लाकूड यांची अदलाबदल करायची, मग नव्याला सोडायचं आणि दिवा सकाळपर्यंत बंद. सगळ्यांचाच पत्ता बदललेला असतो, जुना आणि नवा दोघेही घर शोधत फिरतात.

तरीही एखादा ऐकत नसेल तर त्यालाच उचला, मार खाणाऱ्याला नको. तुळशीबागेतून आणलेली प्लास्टिकची चाळणी टाकीतच तरंगत ठेवायची, चिमट्याने काठाला अडकवायची, त्याला आत सोडायचं, वर जाळी बांधायची (शार्क उडी मारतो). चार दिवस ते आठवडाभर. परत सोडल्यावर त्याची जुनी जागा दुसऱ्याने घेतलेली असते आणि साहेब जरा नरमतात.

एंजल माशांची जोडी मात्र कशालाच बधत नाही. एरवी संथ मासा, पण फिल्टरच्या पाइपवर अंडी घातली की आठ बार्बांना एका कोपऱ्यात दाबून ठेवते. एंजल आणि उजनी धरणातली चिलापी (तिलापिया) एकाच कुळातल्या, अंडी-पिलं राखणं दोघींच्या रक्तात. पिलं हवी असतील तर जोडीला वेगळी टाकी द्या. नको असतील तर अंडी काढून टाका, दोनेक दिवसांत वातावरण निवळतं.

फाटलेले पर स्वच्छ पाण्यात परत येतात. दोन दिवसांआड पाव टाकी पाणी बदला, क्लोरीन मारणारं औषध घालूनच. आमच्याकडे गुरुवारी पाणी बंद असलं की मी बुधवारीच बादल्या भरून ठेवते. कडा पांढऱ्या, कापसासारख्या दिसल्या तर मासा वेगळा काढून दहा लिटरला दोन छोटे चमचे खडेमीठ. मोठ्या टाकीत मीठ नको, कोरींना सोसत नाही आणि झाडंही जातात.

आणि काहीच जमलं नाही तर दुकानात परत द्या, पैसे मिळणार नाहीत हे धरूनच जा. पाषाण तलावात किंवा मुठेत सोडून पुण्य कमवू नका. बाहेरची चिलापी आधीच तिथे ठाण मांडून आहे. माझी एंजलची जोडी मी मागच्या महिन्यात परत दिली, त्याच मुलाला. बदल्यात त्याने खाण्याचा अर्धा डबा दिला आणि विचारलं, "काकू, तीन बार्ब देऊ?"