पहिल्यांदा स्टार्टर शिकवायला उभं राहताना

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यांत मेंटेनन्स करणाऱ्याला कुणीतरी म्हणतं, "संध्याकाळी पोरांना मोटर कंट्रोल शिकवा की." मग तो घरी जाऊन ओहमच्या नियमापासून वही लिहायला घेतो. घेऊ नका. पोरं दिवसभर मागावर उभी राहून आलेली असतात, त्यात सोलापूरचा मे महिना. फळा बघूनच डोळे मिटतात.

आधी रिवायंडिंगच्या दुकानातून एक जळकी मोटर मागून आणा. स्टार जोडणीची (तिन्ही फेजच्या कॉइलींची एकेक टोकं एकत्र बांधलेली), सप्लायची एक फेज गेल्यावर जळालेली. दोन फेजच्या कॉइली काळ्या ठिक्कर, तिसरीच्या तशाच राहिलेल्या. ती टेबलावर ठेवा आणि गप्प बसा. "ही का वाचली?" हे पोरंच विचारतील. करंट जादा झाला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले कशाला असतो आणि त्याचं सेटिंग मोटरच्या प्लेटवरच्या अँपिअरला का लावायचं, हे तिथून सुरू करा.

मग एकच सर्किट, डीओएल, म्हणजे मोटरला थेट पूर्ण सप्लाय देणारा साधा स्टार्टर. सरावाला 24 व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर (कॉइलला सप्लाय मिळाला की ओढून मोटर चालू करणारा स्विच) आणि ट्रान्सफॉर्मर वापरा. 415 व्होल्टला नवख्यांचे हात नकोत. दोघांत एक बोर्ड. तिघं झाले की तिसरा मोबाईल बघतो.

जोडणी एकदा जमली की खरं शिकवणं सुरू होतं: फॉल्ट. वर्ग भरायच्या आधी येऊन तुम्हीच ते घालून ठेवा. कॉन्टॅक्टरच्या 13-14 टर्मिनलची, बटण सोडल्यावरही तो ओढलेला ठेवणारी होल्डिंगची वायर काढली तर हिरवं बटण दाबून धरलंय तोवरच चालतं, सोडलं की बंद. रिलेच्या 95-96 मध्ये, म्हणजे ट्रिप झाल्यावर उघडणाऱ्या कॉन्टॅक्टच्या टर्मिनलमध्ये, वायरच्या टोकाला सेलोटेप गुंडाळून स्क्रू आवळा. दिसायला जोडणी पक्की, पण कॉन्टॅक्टर ओढतच नाही. सप्लाय बंद करून मल्टिमीटरनं टप्प्याटप्प्यानं शोधू द्या. तुमचे हात मात्र खिशात. मेंटेनन्सवाल्याला हेच सगळ्यात जड जातं, कारण आपल्याला फॉल्ट लांबूनच दिसत असतो.

"समजलं का?" विचारू नका, सगळे माना डोलावतात. ज्याला सापडलं त्याला शेजाऱ्याला सांगायला लावा, तेलुगूत, कन्नडमध्ये, कशातही. आपल्याला भाषा कळली नाही तरी बोट कुठल्या टर्मिनलवर जातंय ते दिसतं.

स्टार-डेल्टा, म्हणजे मोटर आधी स्टारमध्ये चालू करून मग डेल्टात नेणारा स्टार्टर, पहिल्या बॅचला नकोच. आणि स्क्रू जादा आणा. पोरं आटे घालवतात.