न्यूट पाण्यात उतरताना त्याला कसं भरवाल?

अल्पाइन न्यूट (जमिनीवर आणि पाण्यातही राहणारा, सरड्यासारखा दिसणारा छोटा उभयचर) पाळला असेल, तर वसंतात त्याची खरखरीत, कोरडी कातडी गुळगुळीत होऊ लागते आणि शेपटीची झालर वाढते. तो पाण्याकडे निघालाय, हे यावरून ओळखा. त्याला उचलून थेट खोल टाकीत सोडू नका. उथळ पाणी, भरपूर पाणवनस्पती आणि बाहेर यायला दगडाचा उतार ठेवा. कधी उतरायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या.

या दिवसांत त्याची खाण्याची पद्धतच बदलते. जमिनीवर तो जिभेने हलणारं भक्ष्य टिपतो. पाण्यात तोंड झटकन उघडून पाण्यासकट घास आत ओढतो. हे जमेपर्यंत समोर अन्न असूनही तो नुसता बघत बसू शकतो. अशा वेळी खरा आधार गांडुळाचा, कारण ते तो दोन्हीकडे खातो. लहानसा तुकडा बोथट टोकाच्या लांब चिमट्यात धरून नाकासमोर हळूच हलवा. न्यूट मान वळवून थबकतो, वास घेतो आणि मग एका झटक्यात घास ओढतो. बघत राहावं असं असतं ते! कंपोस्टमधली लाल गांडुळं मात्र नकोत. त्यांच्या कडवट स्रावामुळे बरेच न्यूट ती थुंकून टाकतात.

पाण्यात रुळला की डाफ्निया (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) आणि गोठवलेले ब्लडवर्म (पाण्यातल्या लाल अळ्या) वितळवून द्यायला सुरुवात करा. उरलेलं त्याच दिवशी काढा, पाणी २० अंशांखाली ठेवा. धडधाकट न्यूट एक-दोन दिवस जेवला नाही तरी घाबरू नका. पण सारखा बाहेर येऊन बसत असेल, तर त्याला तिथेच, जमिनीवर भरवा.