गाडीची बॅटरी बदलायची आहे? आधी तारीख बघा, मग ब्रँड

एप्रिलमधली सकाळ, पावणेसहाची वेळ. आईला नागपूर स्टेशनवर सोडायचं होतं. चावी फिरवली तर सेल्फ नुसता ‘टक्’ म्हणाला आणि गप्प. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. डॅशबोर्डवरचे दिवे मात्र छान लागलेले. बॅटरी घेऊन जेमतेम अकरा महिने झाले होते. नावाजलेल्या कंपनीची होती आणि भाव फारसा न करता घेतलेली. शेजारच्या काकांना उठवून त्यांच्या गाडीवरून जंपर लावला, आईची ट्रेन कशीबशी मिळाली. दुपारी बॅटरीवरचा कोड नीट वाचून घेतला तेव्हा कळलं, की मी विकत घेतली त्याआधी ती दहा महिने दुकानाच्या फळीवर पडून होती. फळीवर म्हणजे पत्र्याच्या शेडखाली आणि तेही आमच्या नागपूरच्या उन्हाळ्यात.

त्यानंतर घरातल्या आणि नात्यातल्या मिळून सात-आठ गाड्यांच्या बॅटऱ्या मी बदलून आणल्या असतील. कोणती कंपनी चांगली, हा प्रश्न लोक पहिल्यांदा विचारतात. मी तो सगळ्यात शेवटी विचारतो.

बॅटरीच गेली आहे, हे आधी ठरवा

सकाळी सेल्फ जड फिरतो, हॉर्न बसलेल्या घशासारखा वाजतो, सिग्नलला थांबलं की हेडलाइट मंदावतात. अशी लक्षणं दिसली की मेकॅनिक झाकण उघडायच्या आत म्हणतो, “भाऊ, बॅटरी गेली.” बहुतेक वेळा त्याचं बरोबरही असतं. पण अल्टरनेटर नीट चार्ज करत नसेल तर नवी बॅटरीसुद्धा आठवडाभरात उतरते आणि तुम्ही दोनदा पैसे भरता.

चारेकशे रुपयांचा साधा मल्टीमीटर घ्या. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल पिन अधिक टर्मिनलला आणि काळी वजाला लावा. तीन वेळा मोजायचं.

पहिलं माप रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, चावी न लावता. १२.६ किंवा त्याहून थोडं जास्त आलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामीच समजा. गाडी नुकती बंद केली असेल तर आकडा फुगलेला दिसतो, म्हणून सकाळचंच माप घ्या.

दुसरं माप सेल्फ मारताना. कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि मीटरकडे बघत राहा. आकडा खाली येणारच, पण बॅटरी भरलेली असूनही तो साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर आतला दम संपलाय.

तिसरं माप गाडी चालू असताना. साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. अगदी नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे हा आकडा खालीवर करतो, तेव्हा हेडलाइट लावून थोडा वेळ बघा. १३ च्या आसपासच घुटमळत असेल तर बॅटरीच्या दुकानाआधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. बेल्ट सैल असेल किंवा अल्टरनेटर गेला असेल. १५ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरून धरणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि तो नवी बॅटरीही उकळून टाकेल.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड साचली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुवा, क्लॅम्प घट्ट करा आणि पुन्हा सेल्फ मारून बघा. माझ्या मेहुण्याची ‘मेलेली’ बॅटरी एवढ्यानं अजून दीड वर्ष चालली. एक चोरही तपासा. मागून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर किंवा म्युझिक सिस्टिमचा अॅम्प्लिफायर गाडी बंद असतानाही करंट ओढत असतो. उभ्या गाडीची ओढ ५० मिलिअॅम्पियरच्या आत असावी. ती मोजायचं काम इलेक्ट्रिशियनवर सोपवलेलं बरं.

आणि बॅटरीवरच्या त्या हिरव्या ‘डोळ्या’वर, म्हणजे चार्ज दाखवणाऱ्या छोट्या गोल खिडकीवर, जाऊ नका. बॅटरीत सहा सेल असतात, डोळा त्यातल्या एकाच सेलमध्ये डोकावतो. बाकीच्या पाचांपैकी एखादा बसलेला असला तरी डोळा हिरवाच राहतो.

साइज: जुन्या बॅटरीचा फोटो काढा

वरचं स्टिकर, टर्मिनलची बाजू आणि खालचा ट्रे असे तीन फोटो मोबाइलमध्ये ठेवा. स्टिकरवर ३८बी२०एल असा काहीतरी कोड दिसेल. लहान पेट्रोल गाड्यांत हा फार चालतो, ३५ अॅम्पियर-अवर क्षमतेचा. ही जपानी पद्धत. ३८ म्हणजे ताकदीचा दर्जा, बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे सेंटिमीटरमधली अंदाजे लांबी. शेवटचं एल किंवा आर हे टर्मिनल कोणत्या बाजूला ते सांगतं. या एका अक्षरात चूक झाली तर वायर पोचतच नाही, किंवा ओढूनताणून उलटी लागते. उलटी लागली तर फ्यूजपासून ईसीयूपर्यंत, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरपर्यंत, काहीही उडू शकतं. टर्मिनलचे खांबही जाड आणि बारीक अशा दोन मापांत येतात. बारीक खांबावर पत्र्याची पट्टी गुंडाळून क्लॅम्प बसवणारा ‘जुगाडू’ भेटला तर त्याला नमस्कार करून पुढे जा.

दुसरी पद्धत डिन, म्हणजे युरोपीय. डिन ४४, डिन ६० असे आकडे दिसतील. यात टर्मिनल खाचेत बसवलेले असतात, त्यामुळे बॅटरी वरून सपाट दिसते. जपानीच्या जागी डिन किंवा उलट, असं करू नका.

“थोडी मोठी टाकून देऊ का?” हा दुकानदाराचा आवडता प्रश्न. ट्रेमध्ये आणि वरच्या पट्टीखाली नीट बसत असेल तर थोडी जास्त क्षमता गाडीला बाधत नाही. पण गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्यापेक्षा कमी क्षमतेची कधीच घेऊ नका, डिझेल गाडीला तर नाहीच. मी स्वतः पुस्तकातला आकडाच घेतो. वॉरंटीच्या वेळी ‘गाडीला चुकीची साइज लावली’ हे निमित्त हातात द्यायचं कशाला?

सिग्नलला आपोआप बंद होऊन क्लच दाबताच चालू होणारी गाडी असेल तर साधी बॅटरी चालत नाही. तिला ईएफबी किंवा एजीएम प्रकारची, म्हणजे सतत सेल्फ मारणं सोसणारी, लागते. महाग पडते, पण साधी टाकली तर वर्ष-दीड वर्षात पुन्हा दुकानात याल. काही युरोपीय गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनर लावून गाडीत नोंदवावी लागते, त्या मात्र ज्याच्याकडे स्कॅनर आहे त्याच्याकडेच न्या.

तारीख: इथे वेळ घालवा

बॅटरी वापरली नाही तरी ती स्वतःहून हळूहळू उतरत राहते आणि गरमीत जास्त वेगानं उतरते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. तो नंतर कितीही चार्ज केलं तरी पूर्ण निघत नाही. म्हणजे खोक्यातली कोरी बॅटरी तुमच्या हातात येते तेव्हाच थोडी म्हातारी झालेली असू शकते. आपल्याकडे तसंही बॅटरीचा खरा शत्रू थंडी नाही, ऊन आहे. पाकिटावर कोल्ड क्रँकिंगचा, म्हणजे थंडीत सेल्फ फिरवायच्या ताकदीचा, जो आकडा छापतात तो उणे १८ अंशांवर मोजलेला असतो. तो जास्त असला तर चांगलंच, पण ४५ अंशांत विदर्भातली गाडी उभी राहते तेव्हा बॉनेटखाली काय होत असेल ते तो आकडा सांगत नाही.

मी तीन महिन्यांच्या आतली बॅटरी घेतो. फारच अडलं तर चार. तारीख सरळ छापलेली क्वचितच सापडते. बहुतेक कंपन्या ती अंक-अक्षरांच्या कोडमध्ये लपवतात. कुठे बॉडीवर ठोकलेली असते, कुठे टर्मिनलवर, कुठे सिरियल नंबरातच. प्रत्येकीची रीत वेगळी. म्हणून कोड पाठ करण्यापेक्षा दुकानदारालाच बोट ठेवून वाचायला लावा: “यातलं वर्ष कोणतं, महिना कोणता?” जो माणूस रोज विकतो त्याला हे झोपेत येतं. “सगळा फ्रेशच माल आहे भाऊ, तारखेचं काय घेऊन बसलात,” असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा. कोडच्या जागी खरवडल्याची खूण किंवा स्टिकरवर स्टिकर दिसला तरी तेच करा.

मग खिशातून मल्टीमीटर काढा. मी पहिल्यांदा काढला तेव्हा दुकानातला पोऱ्या हसला होता. मालकानं मात्र स्वतः आतून दुसरा नग आणला. पहिला होता १२.३८ वर, दुसरा १२.७१ वर. खोकं तेच, भाव तोच. १२.४ च्या खालची नवी बॅटरी “अर्ध्या तासात चार्ज करून देतो” म्हटलं तरी घेऊ नका. ती उतरली याचा अर्थ ती बराच काळ पडून होती.

घरपोच मागवणार असाल तर बॅटरी निघण्याआधी कोडचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागा. आणि शक्यतो ज्या दुकानात माल फिरतो तिथून घ्या, म्हणजे टॅक्सी-टेम्पोवाल्यांची जिथे रांग असते तिथून. चकचकीत शोरूमपेक्षा तिथली फळी लवकर रिकामी होते.

वॉरंटीचा हिशेब

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘६० महिने’ लिहिलेलं असतं. त्याखाली बारीक अक्षरांत दोन आकड्यांची बेरीज असते, समजा ३० अधिक ३०. पहिल्या ३० महिन्यांत बॅटरीत उत्पादनाचा दोष निघाला तर फुकट बदलून मिळते. पुढच्या ३० महिन्यांत फक्त सवलत मिळते आणि ती महिन्यांप्रमाणे घटत जाते.

खरी मेख इथे आहे. ही सवलत छापील किमतीवर असते. समजा छापील किंमत ६,००० आहे आणि चाळिसाव्या महिन्यात २० टक्के सवलत मिळाली. तुम्हाला ४,८०० भरावे लागतील. तीच बॅटरी जुनी बदलून दुकानात ४,७०० ला मिळत असेल तर त्या वॉरंटीचं करायचं काय? म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करताना मी पहिला आकडाच बघतो. ३६ अधिक १२ ही मला ३० अधिक ३० पेक्षा भारी वाटते, भले खोक्यावर ४८ आणि ६० दिसू देत. फुकट बदलून मिळालेल्या नव्या बॅटरीला बहुतेक ठिकाणी नवी वॉरंटी मिळत नाही, जुनीच उरलेली पुढे चालते, हेही विचारून ठेवा.

दिवे रात्रभर चालू राहून बॅटरी पूर्ण उतरली, तर तो उत्पादनाचा दोष धरत नाहीत. चार्ज करून परत देतात. टॅक्सी परवान्याच्या गाडीला वॉरंटी बऱ्याचदा कमी असते. बिलावर सिरियल नंबर, गाडीचा नंबर आणि तारीख लिहून घ्या, आणि ऑनलाइन नोंदणीचा मेसेज मोबाइलवर आल्याशिवाय दुकान सोडू नका.

आता कंपनी

एक्साइड, अॅमरॉन, एसएफ सॉनिक, टाटा ग्रीन ही नावं सगळीकडे मिळतात. एसएफ सॉनिक एक्साइडचीच. एक्साइडचे कारखाने चिंचवडला, तळोज्याला आणि अहिल्यानगरलाही आहेत. टाटा ग्रीन पुण्याजवळच्या रांजणगावची, जपानच्या जीएस युआसाबरोबरच्या भागीदारीतली. यातली कुठलीही ताजी असेल आणि तिचं सर्व्हिस सेंटर तुमच्या गावात असेल तर डोळे मिटून घ्या. तालुक्याच्या ठिकाणी ज्या कंपनीचा माणूस टेस्टर घेऊन येतो तीच तुमची कंपनी. जुन्या बॅटऱ्या फोडून बनवलेला ‘असेंबल’ माल हजार-दीड हजारानं स्वस्त पडतो. मोहात पडू नका.

भाव विचारताना “जुनी देऊन किती, न देता किती?” असे दोन्ही विचारा. जुनी बॅटरी दुकानातच द्या, भंगारवाल्याला नको. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि आतलं शिसं-आम्ल आपल्या नाल्यात जायला नको.

बसवताना उभे राहा

काढताना आधी वजाचा क्लॅम्प, मग अधिकचा. लावताना आधी अधिकचा, शेवटी वजाचा. वजा जोडलेला असताना अधिकवरचा पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते, म्हणून हा क्रम. क्लॅम्प बसत नसेल तर काही पोरं वरून पान्यानं ठोकतात. थांबवा. खांबाचं सील तडकतं आणि मग तिथून आम्ल झिरपतं. क्लॅम्प घट्ट झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावायची.

बॅटरी धरून ठेवणारी पट्टी आवळलेली आहे ना, ते स्वतः हलवून बघा. आपल्या रस्त्यांवर सैल बॅटरी आतून खिळखिळी होते. गाडी चालू करून पुन्हा मीटर लावा आणि चार्जिंग बघूनच पैसे द्या. घड्याळ आणि काचांचं ऑटो सेटिंग पुन्हा करावं लागेल, घाबरू नका.

घरी आल्यावर मी पांढऱ्या पेंटमार्करनं बॅटरीवर बसवल्याची तारीख लिहितो. सध्याच्या बॅटरीवर लिहिलेलं पुसट झालंय, तिचा हा चौथा उन्हाळा. गेल्या रविवारी सकाळी मोजली, १२.५२.