असिंक्रोनस वेब ॲप्लिकेशनसाठी टेस्टिंग टूल निवडताना या चुका टाळा

सोलापुरातला एखादा छोटा चमू अक्कलकोट रोडवरील टॉवेल कारखान्यासाठी घाऊक ऑर्डर घेणारे वेब ॲप्लिकेशन तयार करत आहे, असे समजू. ग्राहक किती डझन हवे ते भरतो, तेवढ्यात सर्व्हरकडे साठ्याची चौकशी जाते, पानावर ‘साठा तपासत आहोत’ अशी ओळ दिसते आणि उत्तर आल्यावरच ‘ऑर्डर नोंदवा’ हे बटण चालू होते. ते उत्तर कधी क्षणात येते, तर कधी तीन सेकंद घेते. उत्तराची वाट पाहतानाही पान चालू ठेवणाऱ्या अशा ॲप्लिकेशनला असिंक्रोनस म्हणतात. आपले पान अशा कोणकोणत्या उत्तरांची वाट पाहते, याची यादी चाचण्या आपोआप चालवणारे टूल निवडण्याआधी व्हायला हवी. पण बहुतेक ठिकाणी मागच्या प्रकल्पात जे वापरले तेच पुढे चालते, नाहीतर एखाद्या ट्युटोरियलवर भिस्त ठेवली जाते. फँटमजेएस या जुन्या टूलचा विकास २०१८ मध्ये थांबला आणि प्रोट्रॅक्टर या दुसऱ्या टूलचा अधिकृत आधार २०२३ मध्ये संपला, त्यामुळे ट्युटोरियल कोणत्या सालचे आहे हे आधी पाहावे.

सर्वांत सर्रास होणारी चूक म्हणजे चाचणी पडली की दोन सेकंदांचा स्लीप, म्हणजे ठरावीक विराम, टाकणे आणि पुन्हा पडली की त्याचे पाच करणे. सेलेनियम या ब्राउझर चालवणाऱ्या टूलचा क्लिक बटण चालू होण्याची वाट पाहत नाही. बंद बटणावर क्लिक झाला तरी तक्रार न करता पुढे जातो. मग चाचणी पडते ती चार ओळी खाली, ‘ऑर्डर क्रमांक सापडला नाही’ असे सांगून, आणि शोध भलत्याच जागी सुरू होतो. तिथे ‘बटण क्लिक करण्याजोगे होईपर्यंत थांब’ अशी एक्स्प्लिसिट वेट द्यावी. मात्र तिच्यासोबत इम्प्लिसिट वेट, म्हणजे प्रत्येक घटक शोधताना आपोआप लागू होणारी प्रतीक्षा, ठेवू नये, कारण सेलेनियमच्या अधिकृत दस्तऐवजातच असा इशारा आहे की १० सेकंदांची इम्प्लिसिट आणि १५ सेकंदांची एक्स्प्लिसिट वेट एकत्र आली, तर टाइमआउट २० सेकंदांनीही होऊ शकतो.

मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेले प्लेराइट हे टूल क्लिकपूर्वी बटण दिसते का, स्थिर आहे का, चालू आहे का आणि दुसऱ्या कशाखाली झाकलेले नाही ना, हे स्वतःच तपासते. सायप्रेस हे आणखी एक टूल घटक सापडेपर्यंत, सेटिंग न बदलल्यास, ४ सेकंद प्रयत्न करत राहते. यावरून वाट पाहण्याचा प्रश्नच मिटला असे मानणे, ही उलट बाजूची चूक. सर्व्हरवर तयार झालेल्या पानात बटण दिसते, चालूही असते, पण त्यामागची जावास्क्रिप्ट अजून जोडली गेलेली नसते. प्लेराइटचा क्लिक यशस्वी ठरतो आणि घडत काहीच नाही. अशा वेळी टाइमआउट वाढवून उपयोग नाही. पान तयार होईपर्यंत बटण बंद ठेवणे हाच खरा इलाज आहे, कारण घाईतला ग्राहकही तिथेच फसतो.

प्लेराइटमध्ये एक्स्पेक्ट या तपासणीच्या आज्ञेपुढचा अवेट, म्हणजे ‘पूर्ण होईपर्यंत थांब’ सांगणारा शब्द, राहून गेला, तर तपासणी पूर्ण होण्याआधीच चाचणी हिरवी, म्हणजे उत्तीर्ण, होऊ शकते. पडणाऱ्या चाचणीपेक्षा ही अधिक घातक, म्हणून त्यासाठी लिंटचा, म्हणजे कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणाऱ्या साधनाचा, नियम लावून घ्यावा. सायप्रेसच्या आज्ञा मात्र स्वतःच्या रांगेत चालतात, तिथे अवेटची सवय नेली की गोंधळ होतो.

माझ्या मते वेगापेक्षा अधिक वजन द्यावे ते सर्व्हरचे उत्तर रोखून धरण्याच्या सोयीला. शोधपेटीत ‘चा’ लिहिताच एक विनंती जाते, ‘चादर’ पूर्ण होताच दुसरी. पहिलीचे उत्तर उशिरा आले तर योग्य यादीवर चुकीची यादी येऊन बसते. हा दोष कार्यालयातल्या वेगवान जोडणीवर सहसा दिसत नाही. प्लेराइटच्या राउट किंवा सायप्रेसच्या इंटरसेप्ट या विनंती अडवणाऱ्या सोयीने पहिले उत्तर मुद्दाम दोन सेकंद अडवले, की तो हमखास पकडता येतो.

यूपीआय पेमेंटची पक्की खबर गेटवेकडून वेबहुकने, म्हणजे आपोआप येणाऱ्या संदेशाने, थेट सर्व्हरला मिळते, म्हणून ती केवळ पडद्यावरून तपासणे अपुरे आहे. तोच वेबहुक दोनदा पाठवून ऑर्डर एकच नोंदली जाते ना, हे सर्व्हरच्या चाचणीत पाहावे. जेमीटर हे टूल एकाच वेळी येणाऱ्या अनेक विनंत्यांचा भार तपासण्यासाठी चांगले, पण ते ब्राउझर नव्हे आणि पानावरची जावास्क्रिप्ट चालवत नाही. आयफोनवरचे ग्राहक असतील, तर सायप्रेसमधील वेबकिटचा, म्हणजे सफारी ब्राउझरमागच्या इंजिनाचा, आधार प्रायोगिक आहे, हेही ध्यानात घ्यावे.

पडलेली चाचणी आपोआप पुन्हा चालवण्याची सोय जपून वापरावी. दुसऱ्या फेरीत उत्तीर्ण झालेली चाचणी अहवालात वेगळी दिसत नसेल, तर शोधपेटीसारखा दोष तिच्याआड खुशाल लपतो.

अंतिम निवडीपूर्वी हेच ऑर्डरचे पान दोन टूलमध्ये तपासून पाहावे: एकदा साठ्याचे उत्तर तीन सेकंद उशिरा द्यावे, एकदा ५०० ची, म्हणजे सर्व्हरमधल्या बिघाडाची, त्रुटी द्यावी आणि मग पडलेल्या चाचणीचा अहवाल वाचावा. कोणती विनंती अडली, त्या क्षणी पडद्यावर काय होते आणि बटण कोणत्या अवस्थेत होते, हे ज्या अहवालातून कळते, ते टूल घ्यावे, मग त्याची मांडणी शिकायला आठवडाभर अधिक लागला तरी चालेल.