मोरीतलं पाणी नदीत जाण्याआधी

रविवारी मटणाचं पातेलं घासायला घेताना कडेला जमलेला लाल कट एकदा नीट बघा. आपण त्यावर गरम पाणी ओततो, साबण मारतो आणि मोरीत सोडून देतो. थंड झाला की तोच कट गटारीत थर धरून बसतो. म्हणून सुरुवात इथूनच: पातेलं आधी रद्दी पेपरनं पुसून घ्या, मग पाण्याखाली धरा. तळणीचं उरलेलं तेल राखेत किंवा लाकडाच्या भुशात जिरवून कचऱ्यात टाका.

कोल्हापुरातलं बरंच सांडपाणी जयंती नाल्याला मिळतं. ते उपसून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडे नेतात खरं, पण पावसानं जोर धरला की नाला भरून वाहतो आणि पाणी थेट पंचगंगेत. तिथून नृसिंहवाडीला कृष्णेत.

परडं असेल तर न्हाणीच्या पाण्यासाठी शोषखड्डा करा. साधारण 3 फूट लांब, रुंद आणि खोल खणा. तळाला मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे, वर खडी. पाणी आत शिरतं तिथे जाळी लावा आणि आठवड्याला ती साफ करा; केस आणि साबणाचा गाळ साचला की खड्डा तुंबलाच म्हणून समजा. आड किंवा बोअर जवळ असेल तिथे खणू नका, आणि संडासाचं पाणी यात अजिबात नको. भोवती कर्दळ लावा. अळूही झकास येतो, पण त्याच्या वड्या मी तरी करणार नाही. शेजारच्या काकींना हे अजून पटलेलं नाही.

गाडी फरशीवर पाइप लावून धुऊ नका. मातीवर उभी करून बादली आणि फडक्यानं पुसा. जळकं ऑइल गॅरेजवाल्याकडेच राहू द्या.

गोठा असेल तर उकिरडा मृगाच्या आत झाका, उताराच्या बाजूला मातीचा बांध घाला. आभाळ भरून आलेलं असताना झाडांना युरिया टाकू नका. खत वाहून गेलं की तळ्यात केंदाळच पोसलं जातं. रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्यांना ते वेगळं सांगायला नको.

जुन्या गोळ्या-औषधं संडासात ओतायची नाहीत. आणि रंगकाम झालं की टर्पेंटाइनचा डबा मोरीत न उपडता झाकून ठेवा. रंग तळाला बसतो, वरचं टर्पेंटाइन पुढच्या वेळी ब्रश धुवायला होतं.