घराच्या खरेदी-विक्रीसाठी स्थानिक वकील निवडताना या चुका टाळा

महाराष्ट्रात घर घेणारा माणूस दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून नोंदणी झालेला दस्त घेऊन बाहेर पडतो, तेव्हा सरकारने विकणाऱ्याची मालकी तपासली आहे, अशी त्याची बहुधा समजूत असते. ही समजूत चुकीची आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे निबंधक प्रामुख्याने दस्त करून देणाऱ्याची ओळख, भरलेले मुद्रांक शुल्क आणि दस्ताची औपचारिक पूर्तता पाहतो. मालकी हक्काचा निवाडा करणे हे त्याचे काम नाही. सातबाऱ्यावरील नोंद आणि फेरफार हे महसुलासाठी असतात, त्यांनी मालकी निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. दुसरीकडे, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ३ प्रमाणे, मिळकतीसंबंधी पूर्वी नोंदणी झालेला दस्त खरेदीदाराने डोळ्यांनी पाहिला नसला, तरी तो त्याला माहीत होता, असेच कायदा धरतो. तपासणीचा सगळा भार असा घेणाऱ्यावर पडतो आणि तो भार प्रत्यक्षात त्याचा वकील उचलतो. म्हणूनच या निवडीत होणाऱ्या चुका महागात पडतात.

इसार दिल्यानंतर वकील शोधणे

ही चूक सर्वांत जास्त दिसते. घर पसंत पडते, मध्यस्थ घाई करतो, इसाराची रक्कम दिली जाते, एखादी छापील इसारपावती भरली जाते आणि मग 'कागद बघायला' वकील शोधला जातो. तोपर्यंत किंमत, मुदत, ताबा आणि व्यवहार मोडल्यास रकमेचे काय होणार, या सगळ्या गोष्टी ठरून गेलेल्या असतात आणि वकिलाच्या हाती सल्ला देण्यासारखे फार थोडे उरते. वकील इसारापूर्वी नेमावा आणि पावतीतच असे लिहून घ्यावे की, मिळकतीचा हक्क निर्वेध व विक्रीयोग्य नसल्याचे खरेदीदाराच्या वकिलास आढळल्यास संपूर्ण रक्कम ठरावीक दिवसांत परत केली जाईल. नव्या प्रकल्पातील सदनिका असेल तर रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याचे कलम १३ मदतीला येते: नोंदणीकृत करार केल्याशिवाय प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. जुन्या घराच्या व्यवहाराला असे संरक्षण नाही. तेथे इसारपावतीतील शब्द हाच आधार असतो.

दुसऱ्याचा वकील आपला मानणे

बिल्डर म्हणतो, 'आमचे वकील सगळे करून देतील, तुम्हाला वेगळा खर्च नको.' मध्यस्थ म्हणतो, 'दोन्ही पक्षांचे काम एकाच ठिकाणी होईल.' ऐकायला हे सोयीचे वाटते, पण खरेदीदाराला हवी असलेली अट आणि विक्रेत्याला हवी असलेली अट बहुतेक महत्त्वाच्या मुद्द्यांवर परस्परविरोधी असते. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या आचारनियमांनुसार ज्या वकिलाने एका पक्षासाठी काम केले आहे, त्याने त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षासाठी काम करू नये, असे बंधन आहे. महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पासोबत दिलेला हक्कतपासणीचा अहवाल जरूर वाचावा, परंतु तो प्रवर्तकाने नेमलेल्या वकिलाचा अहवाल आहे, हे लक्षात ठेवून वाचावा.

बँकेच्या बाबतीत गैरसमज अधिक खोल आहे. 'बँकेने कर्ज मंजूर केले, म्हणजे कागद स्वच्छ आहेत,' हे वाक्य सुशिक्षित घरांतही ऐकू येते. बँकेच्या पॅनेलवरील वकील बँकेला उत्तरदायी असतो, त्याचा अहवाल बँकेकडे जातो आणि तो बँकेची जोखीम मोजतो. हक्कात दोष निघाला तरी कर्जदार व्यक्तिशः कर्ज फेडण्यास बांधलेला राहतोच. म्हणजे घर गेले तरी हप्ते थांबत नाहीत. बँकेची तपासणी उपयोगी आहे, पण ती आपल्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

'स्थानिक' याचा अर्थ केवळ जवळचे कार्यालय असा घेणे

माझ्या मते या विषयातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. वकील घराजवळ बसतो की नाही, याला फारसे महत्त्व नाही. ज्या गावात किंवा पेठेत मिळकत आहे, त्या जमिनीचा इतिहास त्याला ठाऊक आहे की नाही, याला आहे. महाराष्ट्र हे एक राज्य असले तरी जमिनीचे कायदे आणि कागद सर्वत्र सारखे नाहीत. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात १९४८ चा कूळकायदा लागू आहे, मराठवाड्यात हैदराबाद राज्यातून आलेला १९५० चा कूळकायदा आहे आणि विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कायदा आहे. मराठवाड्यात इनाम जमिनींचे प्रकार ओळखावे लागतात, नागपूरकडे नझूल (शहरी भागातील सरकारी) भूखंडांचे आणि भाडेपट्ट्यांचे नियम माहीत असावे लागतात, रत्नागिरी-सिंधुदुर्गात खोतीचा (गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या जुन्या पद्धतीचा) इतिहास आणि एकाच सातबाऱ्यावर असलेली डझनावारी सहहिस्सेदारांची नावे समोर येतात. नवी मुंबईत जमीन बहुतांशी सिडको या सरकारी महामंडळाच्या भाडेपट्ट्याची असल्याने हस्तांतरणाला सिडकोची परवानगी लागते. पुण्यात पानशेतच्या १९६१ च्या पुरानंतर वसलेल्या पूरग्रस्त वसाहतींचे कागद नेहमीच्या सोसायटीसारखे वाचून चालत नाही. मुंबईत पागडीची (एकरकमी रक्कम देऊन घेतलेली जुनी भाड्याची) घरे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या जमिनीवरील सोसायट्या ही स्वतंत्र प्रकरणे आहेत.

घर सदनिकेच्या रूपात असले तरी ही चौकशी टळत नाही. ती इमारत ज्या जमिनीवर उभी आहे, ती पूर्वी कुळाची, वतनाची (सेवेच्या बदल्यात दिलेली) किंवा भोगवटादार वर्ग २ ची (परवानगीशिवाय विकता न येणारी) असू शकते. जो वकील सदनिकेचे आधीचे करार तेवढे एकापाठोपाठ लावून पाहतो आणि खालच्या जमिनीकडे वळतच नाही, त्याचा अहवाल अर्धाच असतो. सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण (जमीन व इमारत सोसायटीच्या नावे करून देणे) किंवा बिल्डरने ते न केल्यास प्राधिकाऱ्याकडून मिळणारे मानीव अभिहस्तांतरण झाले आहे का, हा प्रश्न त्याने आपण न विचारताच उपस्थित केला पाहिजे.

जुन्या नोंदींचा ठावठिकाणा हाही स्थानिक ज्ञानाचाच भाग आहे. पुण्यासारख्या शहरात हवेली क्रमांक १ पासून पुढे अनेक दुय्यम निबंधक कार्यालये आहेत आणि एकाच मिळकतीचे दस्त वेगवेगळ्या कार्यालयांत नोंदलेले असू शकतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून. अशा ठिकाणी जुना दस्त कोणत्या कार्यालयात शोधायचा, हे त्या भागात नियमित काम करणाऱ्याला सहज सांगता येते. पहिल्या भेटीत वकिलाला विचारण्यासारखा सर्वांत उपयुक्त प्रश्न म्हणूनच हा आहे: 'या मिळकतीसाठी आपण कोणकोणत्या कार्यालयांत शोध घ्याल?' उत्तर नेमके मिळाले तर पुढे बोलावे.

गोव्यात घर घेणाऱ्या पुणे-मुंबईकरांनी तर आपला नेहमीचा वकील तेथे नेण्याचा मोह टाळावा. गोव्यातील कौटुंबिक कायदा पोर्तुगीज काळापासून चालत आलेला आहे; त्याच्या कक्षेत येणाऱ्या पती-पत्नींपैकी एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय स्थावर मिळकत विकता येत नाही आणि वारसांचे हक्क 'इन्व्हेंटरी' या न्यायालयीन वाटणीच्या प्रक्रियेतून ठरतात. जुने दस्त पोर्तुगीज भाषेत असतात, सातबाऱ्याच्या जागी नमुना १ व १४ असतो आणि मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा) हक्क व कोमुनिदादची (गावसंस्थेच्या सामाईक मालकीची) जमीन यांसारखे प्रश्न महाराष्ट्रातील वकिलाच्या रोजच्या कामात येत नाहीत.

'३० वर्षांचा सर्च' एवढ्यावर समाधान मानणे

मागील ३० वर्षांचा शोध घेण्याची प्रथा आहे आणि तिला आधारही आहे. मुदतीच्या कायद्यात गहाण सोडवून घेण्याची मुदत ३० वर्षांची आहे. परंतु कुळाच्या जमिनीच्या बाबतीत १९४८ च्या कायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन महत्त्वाचा असतो, कारण त्या दिवशी कूळ हे जमिनीचे खरेदीदार मानले गेले. मालकी तेथून सुरू झाली असेल तर शोधही तेथपर्यंत गेला पाहिजे आणि त्या जमिनीच्या पुढील विक्रीवर कलम ४३ चे निर्बंध होते का, हे पाहिले पाहिजे.

काम सोपवतानाच व्याप्ती लिहून ठरवावी. सूची क्रमांक २ (नोंदणी झालेल्या दस्तांची मिळकतवार सूची) चा शोध, सातबारा किंवा मिळकत पत्रिका व त्यांवरील सर्व फेरफार, दिवाणी न्यायालयातील प्रलंबित दावे, हक्कलेख ठेवून केलेल्या गहाणाची सूचना निबंधकाकडे दाखल आहे का याची तपासणी, बांधकाम परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र, आणि विक्रेता कुलमुखत्यारामार्फत विकत असेल तर त्या पत्राची नोंदणी व ते अद्याप चालू असल्याची खात्री, एवढे त्यात असावे. केवळ कुलमुखत्यारपत्राच्या आधारे केलेल्या 'विक्री'ने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. ऑनलाइन शोध सोयीचा असला तरी सर्व जुन्या नोंदी त्यात मिळत नाहीत. हस्तलिखित पुस्तके कार्यालयात जाऊन पाहिली का, असे थेट विचारावे आणि शोध फी भरल्याची पावती अहवालासोबत मागावी.

जाहीर नोटिशीबाबतही सावध असावे. हरकती मागवणारी नोटीस त्या भागात प्रत्यक्ष वाचल्या जाणाऱ्या दैनिकात आली पाहिजे. सहहिस्सेदार सावंतवाडीला राहत असतील आणि नोटीस मुंबईच्या एखाद्या अल्प खपाच्या पत्रात आली असेल, तर तिचा उपयोग शून्य.

सनद, फी आणि जाहिरात

नोंदणी कार्यालयाबाहेर दस्त तयार करून देणारे अनेक जण असतात. टंकलेखन आणि डेटा एंट्रीसाठी त्यांची मदत घ्यायला हरकत नाही, पण हक्काबद्दल मत देण्याचा अधिकार सनदधारक वकिलालाच आहे. त्याचा सनद क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. महाराष्ट्र व गोव्याच्या बार कौन्सिलकडे त्याची खातरजमा करता येते. मुंबईत सॉलिसिटर ही वेगळी परीक्षा देऊन मिळणारी ओळख आजही आहे, परंतु घराच्या व्यवहारासाठी सॉलिसिटरच हवा असे नाही. वकिलांना जाहिरात करण्यास आचारनियमांनी मनाई आहे, त्यामुळे 'शहरातील क्रमांक १' असा गाजावाजा दिसला तर तो गुण न मानता सावधगिरीची सूचना मानावी. फी ठरवताना वकिलाची फी, शोधाचा खर्च, जाहीर नोटीस, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी हे आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत. कार्यालयातील 'इतर खर्च' अशा नावाखाली मागितलेल्या रकमेला पावती नसेल तर ती देऊ नये.

विकणाऱ्याला वकील लागत नाही असे समजणे

विक्रेत्याने आधी स्वतःचेच कागद तपासून घेतले तर व्यवहार मध्येच अडत नाही. वडिलांच्या सदनिकेवर नामनिर्देशन आपल्या नावे आहे, एवढ्याने आपण एकटे मालक होत नाही; इतर वारसांची सही लागते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा जन्मतः हक्क आहे, वडील २००५ पूर्वी वारले असले तरीही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. बहिणीची सही घेण्याचा विषय खरेदीदाराच्या वकिलाने उपस्थित करण्याआधी आपल्या वकिलाने केलेला बरा. किंमत ५० लाख रुपये किंवा अधिक असेल तर खरेदीदार १ टक्का आयकर कापून घेतो. विक्रेता अनिवासी असेल तर हा दर लागू होत नाही आणि कपात बरीच मोठी होते, म्हणून परदेशातील मुलाच्या नावे घर असलेल्या कुटुंबांनी हा मुद्दा साठेखतापूर्वी (विक्रीच्या करारापूर्वी) सोडवावा. पूर्ण रक्कम मिळण्याआधी ताबा किंवा मूळ कागद देऊ नयेत, हे कोणताही जागरूक वकील सांगेलच.

काम अडले तर

वकील फोन घेत नाही, अहवाल लांबतो, किंवा अहवालात 'मालकी स्वच्छ आहे' एवढेच एक पान येते, अशा वेळी लेखी प्रश्न पाठवावेत: कोणत्या वर्षांचा शोध झाला, कोणते फेरफार मिळाले नाहीत, कोणत्या गोष्टी गृहीत धरल्या. समाधान झाले नाही तर हिशेब पुरा करून कागद परत घ्यावेत आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी दुसऱ्या वकिलाचे मत घ्यावे. त्या मताचा खर्च घराच्या किमतीच्या तुलनेत नगण्य असतो. साठेखतातील मुदत संपत आली असेल तर विक्रेत्याकडून मुदतवाढ लेखी घ्यावी, तोंडी आश्वासनावर थांबू नये. वकिलाने गैरवर्तन केले असेल तर वकील अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र आता बंद आहे, कारण वकिलांच्या सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीसाठी दिवाणी दावा उरतो. त्यासाठी वकिलाशी झालेला सगळा पत्रव्यवहार, फीच्या पावत्या आणि अहवालाची स्वाक्षरी केलेली प्रत जपून ठेवलेली असली पाहिजे.