कॅरॅव्हॅन-ट्रॅव्हलरसाठी हवा भरायचा पंप कसा निवडावा

जांबोटी मागे पडली आणि गोव्याकडचा चोर्ला घाटाचा रस्ता लागला की पंक्चरवाला सहजी सापडत नाही. निपाणी-संकेश्वर-बेळगाव हायवेवर पेट्रोल पंपांची कमी नाही, पण तिथल्या हवेच्या नळीपुढे मोठी गाडी उभी करायला जागा मिळेलच असे नाही, आणि मागे दोन्ही बाजूंना जोडचाके असली तर त्यातल्या आतल्या चाकापर्यंत ती नळी पोचतेच असेही नाही. म्हणून पलंग, गॅस, पाण्याची टाकी बसवून घेतलेली कॅरॅव्हॅन असो की घरच्या माणसांना घेऊन सौंदत्ती-पंढरपूर करणारी ट्रॅव्हलर, हवेचा पंप गाडीतच असलेला बरा. मात्र कारसाठी मिळतो तो हजार-दोन हजारांचा पंप इथे पुरत नाही. का पुरत नाही ते कळले की कोणता घ्यावा तेही कळते.

आधी आपला आकडा काढा

टायरवाल्याकडे गाडी लावली की पहिला प्रश्न येतो, “एष्टु हाकबेकु?” किंवा “किती घालू?” बहुतेक मालक “नेहमीएवढी घाला” म्हणून चहाला जातात. पंप घ्यायचा तर हे चालणार नाही.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात पुढच्या आणि मागच्या चाकांची हवा वेगवेगळी दिलेली असते. कारला ३० ते ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचे माप) लागते, या गाड्यांना बरीच जास्त. आकडा बार या दुसऱ्या मापात असेल तर १४.५ ने गुणा, पीएसआय मिळेल. टायरच्या अंगावर छापलेला आकडा ही वरची मर्यादा असते. रोज तेवढी हवा भरायची असा त्याचा अर्थ नव्हे.

कॅरॅव्हॅनचा प्रश्न इथे थोडा वेगळा होतो. कंपनीने आकडा दिला तो मूळ गाडीला. तुम्ही आत २०० लिटरची टाकी बसवली की भरल्यावर २०० किलो एकाच जागी वाढले, वर बॅटरी, सिलिंडर, कपाटे. तेव्हा पाणी, डिझेल, सामान आणि माणसे सगळे भरून गाडी एकदा वजनकाट्यावर न्या. चिक्कोडी, अथणी, हुक्केरी, गोकाक या साखर कारखान्यांच्या तालुक्यांत काट्याला तोटा नाही. फक्त गळीत हंगामात जाऊ नका, उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत सकाळ जाईल. पुढची चाके काट्यावर घेऊन एक वजन करा, मग नुसती मागची घेऊन दुसरे. टायरवर मापाशेजारी भाराचा अंक असतो, उदाहरणार्थ ११३. त्याचा अर्थ एक टायर ११५० किलोपर्यंत पेलतो, तेही पूर्ण हवा असताना. हवा कमी तर ताकदही कमी. ही दोन वजने हातात घेऊन टायरच्या दुकानदाराशी बोला. टायर कंपनीच्या तक्त्यावरून योग्य हवा काढून मिळते.

पुढच्या हिशेबासाठी आपण मागच्या चाकांना ६० पीएसआय धरू.

बॉक्सवरच्या १५० पीएसआयला भुलू नका

जवळजवळ प्रत्येक पंपाच्या बॉक्सवर १५० पीएसआय छापलेले असते, अगदी खेळण्याएवढ्या पंपावरही. मोटर जळेपर्यंत ताणली तर काटा कुठवर जाईल, एवढेच तो आकडा सांगतो. तिथवर जायला किती वेळ लागेल हे सांगत नाही. आपल्या कामाचा आकडा मिनिटाला किती लिटर हवा येते हा. तो बारीक अक्षरात असतो आणि बहुधा नळी मोकळी सोडून मोजलेला असतो. टायरमध्ये दाब चढला की तो निम्म्यावर यायला वेळ लागत नाही.

हिशेब करून बघा. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरमध्ये साधारण ५० लिटर जागा असते. त्यात १० पीएसआय वाढवायला बाहेरची ३४ लिटर हवा आत ढकलावी लागते. बॉक्सवर ३५ लिटर लिहिलेला पंप कागदावर हे एका मिनिटात करेल. प्रत्यक्षात, ५० वरून ६० ला चढवताना, दोन-तीन मिनिटे धरा. सहा चाके म्हणजे पंधरा मिनिटे आणि तापून लाल झालेला पंप. पंक्चर काढून शून्यापासून ६० पर्यंत भरायचे तर एकाच टायरला २०० लिटरच्या वर हवा लागते. तिथे हा पंप हात टेकतो.

माझ्या मते ट्रॅव्हलरच्या आकाराच्या गाडीला मिनिटाला ७० लिटरच्या खालचा पंप बघूच नये. दोन सिलिंडरचे पंप यात बसतात. महाग पडतात, वजनदारही असतात, पण एक घेतला की विषय संपतो. माहिती घनफुटात दिली असेल तर एक घनफूट म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटर. दाबासह दिलेला आकडा, म्हणजे ‘४० पीएसआयला इतके लिटर’, ज्या पंपावर छापलेला असेल त्या कंपनीवर थोडा जास्त विश्वास ठेवायला हरकत नाही.

दुसरी बारीक ओळ म्हणजे सलग किती वेळ चालवायचा आणि मग किती वेळ बंद ठेवायचा. ‘१० मिनिटे चालू, १० मिनिटे बंद’ असे लिहिले असेल तर सहा चाकांचा हिशेब त्यात बसतो का ते दुकानातच पाहा. एप्रिल-मे महिन्यात अथणीच्या उन्हात दहाची आठ मिनिटेच धरा.

वीज कुठून घेणार?

डॅशबोर्डवरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो. १२ व्होल्टवर १५ अँपिअर म्हणजे १८० वॅट. त्याहून जास्त खेचणारा पंप लावला की फ्यूज उडाला म्हणून समजा. वर सांगितलेले मोठे पंप सॉकेटवर चालत नाहीत, त्यांना बॅटरीला लावायच्या चिमट्यांची जोडी असते. तसाच घ्या. लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला, काळा मायनसला. इंजिन चालू ठेवून हवा भरा, नाहीतर हवा भरली जाईल आणि गाडी ढकलावी लागेल. बंद शेडमध्ये मात्र इंजिन चालू ठेवून बसू नका, धूर कोंडतो.

गाडी मोठ्या बसच्या किंवा ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली असेल तर बॅटरी २४ व्होल्टची असण्याची शक्यता मोठी. १२ व्होल्टचा पंप तिला लावला तर तो जळतो. घेण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनला विचारा.

चार्जिंगचे हातात मावणारे पंप दिसायला देखणे असतात. मोटरसायकलला आणि कारला उत्तम. सहा चाकांच्या गाडीला मी ते सुचवणार नाही. दोन-तीन चाके झाली की चार्जिंग संपते, आणि नेमके गरजेच्या दिवशी ते चार्ज केलेले नसतात.

नळी, तोंड आणि आतले चाक

पंप बॉनेटजवळ, चाक गाडीच्या शेपटाला. वायर आणि नळी मिळून तिथपर्यंत पोचायला हवी. दोरी घेऊन बॅटरीपासून मागच्या चाकापर्यंतचे अंतर मोजा आणि तो आकडा खिशात घेऊनच दुकानात जा.

नळीच्या तोंडाचे दोन प्रकार. आट्यांचे तोंड वॉल्व्हवर फिरवून बसवायचे. बसते घट्ट, पण काढताना शेवटच्या दोन आट्यांना फुस्स करून हवा जाते आणि ६० केलेले ५८ वर येते. शिवाय पंपाशेजारचा पितळी जोड एवढा तापलेला असतो की उघडा हात लावता येत नाही, फडके लागते. खटका दाबून बसणारे तोंड झटकन निघते. मी खटक्याचेच घ्यायला सांगेन.

मागे डबल टायर असतील तर खरी कसोटी आतल्या चाकाची. बाहेरच्या रिमच्या भोकातून हात घालून आतला वॉल्व्ह चाचपावा लागतो. साधे सरळ तोंड तिथे वळत नाही. दोन्ही बाजूंनी तोंड असलेली लांब दांडीची नळी मागा, किंवा आतल्या वॉल्व्हला लोखंडी वाढीव नळी बसवून घ्या. ही सोय नसली की आतल्या टायरची हवा कोणी बघत नाही, आणि सगळा भार बाहेरच्यावर येतो.

मीटर वेगळे ठेवा

हवा जात असताना पंपावरचा काटा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. पंप थांबवून वाचा, आणि शक्यतो स्वतंत्र मीटरने तपासा. ठरलेल्या आकड्याला आपोआप बंद होणारा पंप सोयीचा आहे, पण तोही एकदा वेगळ्या मीटरशी ताडून बघा. १०० पीएसआयपर्यंतचे मीटर पुरे. कारचे ६० ला संपणारे घेऊ नका.

हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी मोजा. १० अंशांनी तापमान वाढले की ६० च्या टायरमध्ये सुमारे अडीच पीएसआय वाढतात, आणि चालून टायर तापतो तो वेगळा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर वर आहे, त्यामुळे घाट उतरून गोव्यात गेलात की मीटर सव्वा पीएसआय कमी दाखवते, उन्हाने मात्र हवा त्याहून जास्त वाढते. दुपारी वाळपईत हवा मोजून ‘जास्त झाली’ म्हणून सोडणारे लोक मी बघितले आहेत. गरम टायरची हवा सोडू नका.

दुकानात

पंप चालू करून दाखवायला सांगा. तुमचीच गाडी दुकानापुढे आणा, एका मागच्या चाकाची हवा ५० वर आणा आणि ६० करायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा. कुरकुरणाऱ्या दुकानदाराकडून घेऊच नका. वॉशर, फ्यूज, नळी सुटी मिळते का हेही विचारा.

पंप जवळ आहे म्हणून सगळीच हवा आपण भरायची नसते. हवा जाऊन टायर बसलेल्या अवस्थेत गाडी काही अंतर चालली असेल तर त्याच्या कडा आतून चिरडलेल्या असतात; तो उतरवून तपासल्याशिवाय भरू नका, भरताना फुटू शकतो. आणि जुन्या मोठ्या गाड्यांचे लॉक रिंगचे रिम (टायर वेगळ्या लोखंडी कड्याने अडकवलेले) असेल तर बसलेला टायर रस्त्याकडेला कधीच भरू नका, रिंग उडून माणसे दगावली आहेत. ते काम लोखंडी पिंजरा असलेल्या टायरवाल्याचे.